प्रवाळ-टाकीतील महाशिंपला

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात, प्रवाळांच्या खडकांमध्ये, एक प्राणी वर्षानुवर्षे एकाच जागी पडून असतो. त्याला डोके नाही, हातपाय नाहीत, आणि भक्ष्याच्या शोधार्थ तो कधी हालचालही करीत नाही. त्याची नागमोडी कडांची दोन जाड कवचे वरच्या बाजूस उघडी असतात आणि त्यांच्या फटीतून निळ्या, हिरव्या किंवा जांभळ्या रंगाचा मांसल पडदा बाहेर पसरलेला असतो. एखादा मासा वरून गेला व त्याची सावली पडली, की तो पडदा आत ओढला जातो आणि कवचे मिटू लागतात. हा प्राणी म्हणजे महाशिंपला होय.

समुद्रातील हा प्राणी गेल्या काही दशकांत अनेक देशांतील घरांमध्ये, काचेच्या टाक्यांत, पाळला जाऊ लागला आहे. प्रवाळ, मासे, खडक व खारे पाणी यांनी युक्त अशा टाकीस येथे ‘प्रवाळ-टाकी’ म्हटले आहे. अशा टाकीत महाशिंपला जगवावयाचा तर काय करावे लागते, तो जगतो कशावर आणि मरतो कशाने, हे समजून घेतले असता समुद्रातील प्रवाळद्वीपांचे जीवनही समजू लागते. कारण समुद्र जी कामे विनासायास करतो, ती सर्व टाकीमध्ये माणसाला मोजूनमापून करावी लागतात.

प्राण्याची ओळख

कालवे व तिसऱ्या या आपल्या परिचयाच्या शिंपल्यांप्रमाणेच महाशिंपलाही मृदुकाय प्राण्यांच्या द्विपुट वर्गात मोडतो. त्याच्या ट्रायडॅक्ना व हिप्पोपस अशा दोन प्रजाती असून त्यांत मिळून सुमारे बारा जाती ओळखल्या जातात. त्या सर्व हिंदी महासागर, तांबडा समुद्र व पॅसिफिक महासागराचा पश्चिम आणि मध्य भाग एवढ्याच प्रदेशात आढळतात. त्यांतील सर्वांत मोठी जाती ट्रायडॅक्ना जायगास ही होय. लिनीअस यांनी १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिले. तिची लांबी १ मीटरहून अधिक व वजन २०० किलोग्रॅमहून अधिक भरू शकते. पॅरिसमधील सें-स्युल्पीस चर्चमध्ये पवित्र जल ठेवण्यासाठी याच जातीच्या एका शिंपल्याची दोन कवचे वापरलेली आहेत, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना येईल.

घरच्या टाकीत एवढा प्राणी सामावणे शक्य नाही. तेथे पाळल्या जाणाऱ्या जाती लहान असतात. ट्रायडॅक्ना क्रोसिया सुमारे १५ सेंटिमीटर, मॅक्सिमा ३० ते ३५ सेंटिमीटर, स्क्वामोसा सुमारे ४० सेंटिमीटर, तर डेरासा ५० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढते. विकत घेताना मात्र हे सर्व तळहातावर मावण्याइतके लहान असतात. त्यामुळे प्राणी आज केवढा आहे यापेक्षा तो पुढे केवढा होणार आहे, याचा विचार प्रथम करावा लागतो. महाशिंपला अनेक दशके जगू शकतो. पुष्कळ टाक्यांचे आयुष्य त्याहून कमी असते.

शरीरातील शेती

इतर शिंपले पाणी आत घेतात, कल्ल्यांवाटे ते गाळतात आणि त्यातील सूक्ष्म जीव खाऊन राहतात. महाशिंपलाही हे करतो. परंतु त्याच्या उपजीविकेचे मोठे साधन वेगळेच आहे. कवचांबाहेर पसरणाऱ्या रंगीत पडद्यास ‘प्रावार’ असे म्हणतात. या प्रावारात लक्षावधी सूक्ष्म, एकपेशीय शैवले राहतात. वनस्पतींप्रमाणे ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करतात आणि तिचा बराच भाग शिंपल्यास मिळतो. उलटपक्षी, शिंपल्याच्या शरीरातून निघणारे अमोनियासारखे नायट्रोजनयुक्त पदार्थ व कार्बन डायऑक्साइड शैवलांस खताप्रमाणे उपयोगी पडतात. या परस्परांच्या उपकारास सहजीवन असे नाव आहे.

या सहजीवनाचा पद्धतशीर अभ्यास सी. एम. यंग या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी केला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९२८-२९ साली गेलेल्या संशोधन-मोहिमेचे ते प्रमुख होते. शिंपला आपल्या शरीरात शैवलांची जणू शेती करतो आणि शेवटी ते पीक खातो, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने या मतात दुरुस्ती झाली. जिवंत शैवले स्वतः तयार केलेली शर्करा शिंपल्यास देत असतात, असे दिसून आले. तसेच, प्रवाळांत शैवले प्राण्याच्या पेशींच्या आत राहतात, तशी ती येथे राहत नाहीत. शिंपल्याच्या जठरापासून निघून प्रावारात शाखा-उपशाखांनी पसरणाऱ्या बारीक नलिकांमध्ये त्यांची वस्ती असते, हे १९९२ साली स्पष्टपणे मांडण्यात आले.

प्रावाराचे झळाळणारे रंगही निरर्थक नाहीत. प्रावाराच्या पृष्ठभागाजवळ प्रकाश परावर्तित करणाऱ्या विशिष्ट पेशी असतात. शैवलांना उपयोगी पडणारा निळा व तांबडा प्रकाश या पेशी पसरवून खोलवर पोहोचवितात व इतर प्रकाशाचा काही भाग परत फिरवितात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. वरच्या थरातील शैवले भाजून निघत नाहीत आणि खालच्या थरातील शैवले उपाशी राहत नाहीत. पाहणाऱ्यास जी शोभा वाटते, ती वस्तुतः उन्हाची वाटणी होय. प्रावाराच्या कडेस शेकडो अतिसूक्ष्म नेत्रही असतात. सावली पडताच शिंपला मिटतो तो त्यांच्यामुळे.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या संगोपनाचे मूळ सूत्र हाती येते. पाळावयाचा प्राणी एक दिसला, तरी पाळावे लागतात दोघे: शिंपला आणि त्याच्या अंगातील शैवल. पहिल्यास समुद्राचे पाणी हवे, तर दुसऱ्यास समुद्रावरचे ऊन.

प्रकाश

महाशिंपले प्रामुख्याने २० मीटरपेक्षा कमी खोलीवर, स्वच्छ पाण्यात आढळतात. माथ्यावरील सूर्याचा प्रखर प्रकाश त्यांना तेथे मिळतो. घरातील साधा दिवा डोळ्यांना पुरेसा वाटला तरी शैवलांच्या दृष्टीने तो अंधारच असतो. म्हणून पूर्वी अशा टाक्यांवर धातु-हॅलाइडचे प्रखर दिवे लावीत. आता त्यांची जागा बहुतांशी एलईडी दिव्यांनी घेतली आहे. दिवे रोज सुमारे १० ते १२ तास, ठरलेल्या वेळी, चालू ठेवावे लागतात.

प्रत्येक जातीची गरज सारखी नसते. क्रोसिया व मॅक्सिमा या अगदी उथळ पाण्यातील जाती असल्याने त्यांना सर्वांत जास्त प्रकाश लागतो. डेरासा व स्क्वामोसा काहीशा कमी प्रकाशातही वाढतात. म्हणून नवशिक्याने डेरासापासून आरंभ करावा, असा अनुभवी पालकांचा सल्ला असतो. नवा शिंपला टाकीत आणल्यावर त्याला एकदम दिव्याखाली ठेवणे मात्र योग्य नव्हे. प्रवासात तो अंधारात राहिलेला असतो. प्रथम त्याला तळाशी ठेवून काही आठवड्यांत हळूहळू प्रकाश वाढवावा, म्हणजे शैवलांना जुळवून घेण्यास अवसर मिळतो.

प्रकाश अपुरा पडला तर शिंपला ताबडतोब मरत नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. शरीरात साठविलेल्या अन्नावर तो कित्येक महिने तग धरतो. प्रावार उघडा दिसतो, रंगही काही काळ टिकतो. पण कवचाच्या कडेस नव्या वाढीची पांढरी रेघ उमटत नाही. वाढ थांबली हा उपासमारीचा पहिला पुरावा समजावा.

पाणी

महाशिंपल्यासाठी टाकीतील पाणी उष्ण कटिबंधीय समुद्राच्या पाण्यासारखे ठेवावे लागते. त्याची लवणता हजार भागांस ३५ भाग, तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस आणि पीएच ८.१ ते ८.४ असावा. टाकीतील पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून घटलेले पाणी भरून काढताना शुद्ध गोडे पाणीच घालावे, खारे नव्हे. एवढी साधी गोष्ट विसरल्याने लवणता वाढत जाते.

दुसरा प्रश्न चुन्याचा. शिंपल्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्याचे साहित्य तो पाण्यातूनच घेतो. पाण्यात दर लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम आणि क्षारता २.५ ते ४ मिलिइक्विव्हॅलंट असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २०० लिटर पाण्याच्या टाकीत, लिटरमागे ४२० मिलिग्रॅम या मानाने, एकूण ८४ ग्रॅम कॅल्शियम असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियमचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. समजा, टाकीतील शिंपल्यांच्या कवचांत वर्षभरात २०० ग्रॅमची भर पडली. तर त्यासाठी ८० ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडेल. म्हणजे टाकीतील जवळजवळ सर्व साठा संपेल! समुद्रात या हिशेबाला अर्थ नसतो, कारण तेथील साठा अपार आहे. टाकीत मात्र नियमित परीक्षण करून जेवढे खर्च झाले तेवढे परत घालणे, हे पालकाचे नित्यकर्म होऊन बसते.

तिसरी गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल. माशांच्या टाकीत नायट्रेट साचू न देणे हा चांगुलपणा समजला जातो. परंतु महाशिंपला अमोनिया व नायट्रेट पाण्यातून शोषून घेतो, कारण शैवलांना नायट्रोजन लागतो. पाणी कमालीचे निर्मळ केले, तर शैवले क्षीण होतात आणि प्रावार फिका पडतो. म्हणून टाकीत थोडे मासे असणे व त्यांना नियमित अन्न मिळणे शिंपल्याच्या हिताचेच असते. लहान शिंपला आपल्या अन्नाचा तुलनेने मोठा हिस्सा गाळून मिळवितो. वय वाढेल तसा प्रकाशातून मिळणाऱ्या अन्नाचा वाटा वाढत जातो. या कारणाने फार लहान पिल्ले नवशिक्याने घेऊ नयेत.

तांब्याविषयी विशेष सावधगिरी हवी. माशांच्या काही रोगांवर तांब्याचे क्षार औषध म्हणून वापरतात. माशांना सोसणारी ती मात्रा शिंपले, प्रवाळ व कोळंबी यांचे प्राण घेते. ज्या टाकीत शिंपला आहे तेथे हे औषध कदापि वापरू नये. आजारी मासा दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा.

जागा आणि शेजारी

क्रोसिया ही जाती खडक कोरून त्यात रुतून बसते, आणि मॅक्सिमाही खडकास धरून राहते. त्यांना खडकावर जागा द्यावी. डेरासा वाळूवरही नीट राहते. खडकाला चिकटण्यासाठी शिंपला पायाजवळून चिवट धागे सोडतो. त्यांस सूत्रगुच्छ म्हणतात. चिकटलेला शिंपला हलवावयाचा झाल्यास त्याला कधीही ओढू नये. ओढल्याने धाग्यांच्या मुळाशी असलेला मऊ अवयव फाटतो आणि प्राणी बहुधा दगावतो. शक्य तर ज्या दगडावर तो बसला आहे त्या दगडासकट त्याला उचलावे. अन्यथा धारदार पात्याने धागे दगडालगत कापावेत. पाण्याबाहेर काढलेला शिंपला परत बुडविताना तिरपा धरून आत अडकलेली हवा निघून जाऊ द्यावी.

पाण्याचा प्रवाह मंद पण अखंड असावा. पंपाची धार थेट अंगावर येत असल्यास प्रावार पूर्णपणे पसरत नाही. शेजारीही निवडून घ्यावे लागतात. फुलपाखरू-मासे आणि काही देवदूत-मासे प्रावाराचे लचके तोडतात; समुद्रफुलाच्या दंशाने त्यास इजा होते. दिवसभर कोणी टोचत राहिले तर शिंपला मिटूनच राहतो, आणि मिटलेल्या शिंपल्यातील शैवलांना ऊन मिळत नाही. म्हणजे ज्या कवचाने त्याचे रक्षण व्हावयाचे, त्याच कवचाच्या आत तो उपाशी मरतो.

शत्रू आणि रोगलक्षणे

शिंपल्याचा एक शत्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पिरॅमिडेलिडी कुलातील या पांढऱ्या गोगलगाई दिवसा कवचाच्या बुडाशी दडून राहतात व रात्री वर येऊन प्रावारात सोंड खुपसून रस शोषतात. त्या झपाट्याने वाढतात. नवीन शिंपला टाकीत सोडण्यापूर्वी मऊ ब्रशने त्याचे कवच सर्व बाजूंनी घासून घ्यावे आणि काही रात्री विजेरी घेऊन तपासणी करावी, हाच त्यावरील चांगला उपाय होय.

आजाराची इतर लक्षणे नजर ठेवणाऱ्यास लवकर कळतात. सावली पडूनही शिंपला मिटत नसेल, पाणी आत घेण्याचे छिद्र वाजवीपेक्षा ताणलेले व कवचे फार फाकलेली दिसत असतील, तर त्याची शक्ती क्षीण झाली आहे असे समजावे. प्रावाराची कड ठिकठिकाणी चिमटल्यासारखी आत ओढलेली दिसणे हेही एका रोगाचे चिन्ह आहे. प्रावार पांढरा पडू लागला तर शैवले निघून चालली आहेत; तापमान किंवा प्रकाश एकाएकी वाढला होता काय, ते पाहावे. विकत घेतानाही हीच कसोटी लावावी: सावलीस चटकन प्रतिसाद देणारा, प्रावार पूर्ण पसरलेला, सूत्रगुच्छ शाबूत असलेला आणि कवचाच्या कडेस नवी पांढरी वाढ असलेलाच प्राणी घ्यावा.

शिंपला येतो कोठून?

काळजी कितीही घेतली तरी एक प्रश्न उरतोच: हा प्राणी टाकीत आला कोठून? पॅसिफिक महासागरातील पलाऊ या द्वीपराष्ट्राची हकीगत या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील दूरच्या हेलन रीफवरील महाशिंपल्यांची १९७० च्या दशकात परदेशी बोटींनी बेसुमार लूट केली. हवा होता तो केवळ कवचे मिटविणारा स्नायू. पूर्वेकडील बाजारांत त्याला मोठी किंमत येत असे. बाकीचे शरीर फेकून दिले जाई.

अशी लूट भरून येण्यास फार काळ लागतो, आणि त्याचे कारण शिंपल्याच्या प्रजननात आहे. महाशिंपला उभयलिंगी असतो. तो प्रथम शुक्रपेशी व नंतर अंडी पाण्यात सोडतो. मोठा शिंपला एका वेळी कोट्यवधी अंडी सोडतो. परंतु शेजारी दुसरा शिंपला त्याच वेळी प्रजनन करीत असेल तरच परस्परांत फलन होण्याचा चांगला संभव. एकएकटे उरलेले शिंपले जिवंत असूनही वंशाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात. फलित अंड्यातून निघालेला डिंभ सुमारे आठवडाभर पाण्यात तरंगतो, मग तळाशी बसतो. शैवलांचा वारसा त्याला आईबापांकडून मिळत नाही. ती त्याला पाण्यातूनच गिळून मिळवावी लागतात. असंख्य डिंभांपैकी अगदी थोडेच प्रौढ होतात.

पलाऊ येथील सागरी संवर्धन केंद्रात गेराल्ड हेस्लिंगा व त्यांचे सहकारी यांनी या अडचणीवर मार्ग काढला. मोठ्या टाक्यांत शिंपल्यांचे प्रजनन घडवून आणावयाचे, डिंभांना शैवले पुरवावयाची, पिल्ले वाहत्या समुद्रजलात वाढवावयाची आणि नंतर जाळीच्या झाकणाखाली समुद्रात ठेवावयाची, अशी ही पद्धत होती. तिचे वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलिया, सॉलोमन बेटे व फिलिपाइन्स येथेही असे प्रयत्न झाले. काही पिल्ले ओसाड पडलेल्या प्रवाळांवर पुन्हा सोडण्यात आली, तर काही टाक्यांसाठी विकली गेली. ज्याचा जन्मच केंद्रात झाला असा शिंपला विकत घेणाऱ्याने समुद्रातून काही उचललेले नसते. उलट, समुद्रातून खणून आणलेला शिंपला घेणारा हा, त्याची नंतर कितीही निगा राखो, त्या लुटीचा भागीदारच ठरतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर वन्य जीवांच्या व्यापारासंबंधीच्या कराराने १९८३ मध्ये जायगास व डेरासा या जाती आणि १९८५ मध्ये सर्वच महाशिंपले आपल्या दुसऱ्या परिशिष्टात घेतले. त्यामुळे परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही. तरीही लूट थांबलेली नाही. दक्षिण चिनी समुद्रात कवचांसाठी प्रवाळांचे तळ खणून काढले गेले, आणि त्यामुळे झालेल्या हानीची नोंद २०१६ च्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या निवाड्यातही घ्यावी लागली.

भारताच्या समुद्रात

भारतात महाशिंपले लक्षद्वीप आणि अंदमान व निकोबार बेटांच्या प्रवाळांवर आढळतात. लक्षद्वीपमधील मॅक्सिमा जातीचा अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी केला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली मॅक्सिमा, स्क्वामोसा व हिप्पोपस हिप्पोपस या जातींचा समावेश झाला. त्याच वेळी खडक रचणाऱ्या प्रवाळांनाही संरक्षण मिळाले. या जाती समुद्रातून काढणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्राणी बाळगण्यासही नोंदणीचे बंधन आले. म्हणून आपल्या वाचकाने टाकीची ही माहिती समजून घेण्यासाठी वाचावी. किनाऱ्यावर सापडलेले कवचसुद्धा आठवण म्हणून घरी आणण्यासाठी नव्हे. बेटांवर गेल्यास काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ-सृष्टी पाहता येते. पाहण्याचा तोच उचित मार्ग होय.

टाकीपासून मिळणारा धडा मात्र सर्वांसाठी आहे. पाणी काही अंशांनी तापले की टाकीतील शिंपल्याची शैवले निघून जातात, हे पालक स्वतः पाहतो. हेच समुद्रातही घडते. १९९८, २०१० व २०१६ या वर्षी समुद्र तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. टाकीतील पाणी थंड करण्यास यंत्र असते, चुना घालण्यास हात असतो, आणि रोज सकाळी येऊन पाहणारा एक माणूस असतो. समुद्रातील शिंपल्यास यांपैकी काहीच नाही. तेथील पाणी जसेच्या तसे राहू देणे, एवढीच त्याची निगा माणसाच्या हाती आहे.